बिल आधी बघा, मग छत

मागच्या अंकात छतावरच्या सोलरवर चार ओळींची चौकट लिहिली होती, तिच्यावर एकवीस पत्रं आली. बायको म्हणाली, तुम्ही रिटायर झालात तेव्हासुद्धा एवढी पत्रं आली नव्हती. खरं आहे. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला, आणि आता पोरं रस्त्यात भेटली की 'सर, अर्थिंग!' म्हणून ओरडून पुढे जातात. तेवढंच काय ते नाव.

एकवीसपैकी आठ पत्रं पाणी तापवायच्या सोलरबद्दल निघाली. त्यांचा दोष नाही. बेळगावात 'सोलर बसवलं' म्हटलं की गच्चीवरची टाकी आणि काचेच्या नळ्याच डोळ्यांपुढे येतात. सकाळी परसात बंब पेटवायचं बंद झालं ते त्याच सोलरनं. पण सध्या ज्याच्या अनुदानाची एवढी चर्चा आहे ते वीज बनवणारं सोलर. ती केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली' योजना, फेब्रुवारी २०२४ ची. पाणी तापवायच्या टाकीला तिच्यातून एक पैसा मिळत नाही. त्या आठ जणांना वेगळी उत्तरं पाठवली आहेत. बाकीच्यांतली काही पत्रं इथे घेतो.

"आमचं बिल गृहज्योतीत झिरो येतंय. शेजारचे अण्णा सांगतात, ७८ हजार सरकार देतंय, सोडू नको म्हणून. काय करूचं सर?" — एक गृहिणी, वडगाव

वहिनी, आत्ता बसवू नका. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना तुमचं बिल भरतेय तोवर तरी.

अण्णांचा आकडा बरोबर आहे, पण अर्धाच. पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, असे मिळून ७८,०००. तीनच्या वर कितीही बसवा, आकडा तोच. आणि हे पैसे आधी हातात येत नाहीत. सगळी रक्कम तुम्ही घालायची, काम पुरं होऊन नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागला, तपासणी झाली, की मग खात्यावर जमा होतात. तीन किलोवॅटचं काम आज पावणेदोन ते दोन लाखांत जातं. म्हणजे सरकार ७८ हजार देतं तेव्हा तुमच्या घरातूनही लाखभर गेलेले असतात. अण्णा ते सांगायला विसरले.

तुम्ही पाठवलेली सहा बिलं मी बघितली. ९५ पासून ११८ युनिटांपर्यंतच वापर आहे. बिल शून्य. आता सोलर बसवून तुम्ही वाचवणार काय? जे युनिट आज फुकट मिळतंय तेच युनिट स्वतःचे पैसे घालून बनवायचं! हे म्हणजे दारात नगरपालिकेचा नळ असताना बोअर मारण्यासारखं झालं. जास्तीची वीज हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीला, विकू म्हणाल, तर तो दर आपण ज्या दरानं घेतो त्याहून बराच कमी असतो. त्यावर लाखभर रुपये फिटायचे नाहीत.

'मुफ्त बिजली' हे योजनेचं नाव ऐकून पुष्कळांचा घोळ होतो. गृहज्योतीत राज्य सरकार तुमचं बिल भरतं. सूर्यघरमध्ये वीज फुकट म्हणजे तुमच्याच छतावर तुमच्याच पैशानं झालेली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. गृहज्योतीची रेघ २०० युनिटांवर आहे. तुम्हाला ठरवून दिलेल्या सरासरीच्या वर पण २०० च्या आत गेलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे लागतात. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल आपल्या अंगावर. आमच्या गल्लीत एका घरी मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले, दोन कूलर रात्रभर चालले, २०७ युनिट झाले. सात युनिटांसाठी पंधराशेच्या वर बिल. ती बाई पाहुण्यांना अजून बोलते. उद्या तुमच्या घरात मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर आणली, शेगडी इंडक्शनची झाली, महिन्यामागं महिना २५० च्या वर जायला लागलं, तर तेव्हा मला परत पत्र टाका. योजना मार्च २०२७ पर्यंत आहे.

"मी टिळकवाडीत राहतो, साडू चंदगडला. त्यानं सोलर बसवलं आणि आता माझ्या मागं लागलाय. दोघांचं घर सारखंच, वापर सारखाच, १७०-१८० युनिट. मग त्याला परवडतं ते मला का नाही?"

कारण तुमच्या मीटरचा मालक वेगळा आहे. अनुदान केंद्राचं, ते चंदगडला आणि बेळगावला सारखंच. पण चंदगड महाराष्ट्रात, साडूंना महावितरणचं बिल येतं, आणि तिथे १०० युनिटांच्या पुढचा दर जवळजवळ दुप्पट होतो. सोलर त्यांची नेमकी ती महाग युनिटं खातं. तुमच्याकडे १८० युनिट गृहज्योतीच्या रेघेच्या आत बसतात. तुमचं सोलर खाणार ती फुकटची युनिटं. साडूंनी बरोबर केलं. तुम्ही थांबलात तेही बरोबर आहे. सणाला भेटाल तेव्हा दोन्ही बिलं शेजारी ठेवून दाखवा, वाद मिटेल. नाही मिटला तर साडूच ते, मिटायचं काय कारण.

"महिन्याला ३२० ते ३५० युनिट लागतात, बिल अडीच हजारांच्या पुढे. तीन किलोवॅट घ्यायचं ठरवलंय. तीन कोटेशन आली आहेत, तिन्हींत ३० हजारांचा फरक. काय बघू? तुम्ही स्वतः बसवलंय म्हणता, तर खरा हिशेब सांगा." — एक निवृत्त बँक कर्मचारी, हिंडलगा

तुम्हाला मात्र परवडतं, आणि तीन किलोवॅट हाच आकार बरोबर. माझाही तेवढाच आहे. ५४० वॉटचे सहा पॅनेल.

खरा हिशेब म्हणालात, म्हणून आधी माझी फजिती. २०२४ च्या मे महिन्यात सोलरवाला जागा बघायला आला. दुपारचे बारा वाजलेले. गच्चीवर सावलीचा ठिपका नाही. आम्ही दोघांनी मान हलवली आणि पॅनेल कुठे येणार तिथे खडूनं खुणा केल्या. डिसेंबरात एक दिवस मी साडेतीन वाजता मिरच्या आत घ्यायला वर गेलो, तर शेजारच्या नारळाची झावळी दोन पॅनेलांवर आडवी पसरलेली. बेळगाव साधारण १६ अंश उत्तरेला आहे. मेमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की ऐन दुपारीही पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर काढून शिकवलं, आणि स्वतःच्या गच्चीवर विसरलो.

दोन पॅनेलांवर सावली म्हणजे दोनच पॅनेलांचं नुकसान, असंही नसतं. सगळे पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. पाटात मधेच ढेकूळ पडलं की पुढच्या सगळ्या वाफ्यांचं पाणी आटतं, तसा प्रकार. पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, ते थोडं सावरून घेतात, पण थोडंच. सोलरवाल्याला बोलावलं तर म्हणाला, "सर, जागा तुम्हीच दाखवली होती की." दोन पॅनेल पूर्वेच्या कोपऱ्यात हलवायला साडेसहा हजार माझ्याच खिशातून गेले. त्याचं नाव लिहीत नाही. चूक माझीही होती.

तेव्हा कोटेशनच्या आधी गच्ची बघा. सकाळी नऊ आणि दुपारी चार. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्यांचा वाढायचा राहिलेला मजला, मोबाइलचा मनोरा, सगळं. तीन किलोवॅटला तीनशे चौरस फूट मोकळं ऊन लागतं, तोंड दक्षिणेला.

आता पैसे. माझं कोटेशन १,९५,००० चं होतं. ७८,००० परत आले, घरातून गेले १,१७,०००. तेव्हा पॅनेल-इन्व्हर्टरवर जीएसटी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. तुमच्या तिन्ही कोटेशनांत तो ५ टक्केच लावलाय का, हे पहिलं बघा. एकात मला संशय आहे.

मी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहितो. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. एप्रिलमध्ये ४१० युनिट झाले. जुलैमध्ये १७५. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आभाळ कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू. एक दिवस तर चौकोनात दोन युनिट लिहिलेत. वर्षाचे साधारण चार हजार. सोलरवाला 'दिवसाला बारा युनिट' सांगतो ती वर्षाची सरासरी असते, जुलैचं वचन नव्हे.

हेस्कॉमचा घरगुती दर एप्रिल २०२५ पासून युनिटला ५ रुपये ८० पैसे. त्यावर ९ टक्के कर आणि वरचे बारीकसारीक आकार धरले तर एक युनिट साडेसहाच्या आसपास पडतं. माझी वर्षाला चोवीस हजारांच्या घरात बचत होते. म्हणजे घातलेले पैसे पाच वर्षांत फिटतात. तुमचा वापर माझ्यापेक्षा जास्त, तुमचे थोडे आधी फिटतील. या हिशेबात मी गृहज्योती कुठेच धरलेली नाही, तुम्हीही धरू नका.

बिल शून्य होणार असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. फिक्स चार्ज राहतोच, मंजूर लोडच्या दर किलोवॅटला महिन्याला १४५ रुपये (२०२५-२६ चा दर). तुमचा मंजूर लोड एक-दोन किलोवॅट असेल आणि सोलरसाठी तो तीन झाला, तर फिक्स चार्जही त्याच मापानं वाढतो. पाच किलोवॅट घ्या म्हणून आग्रह करणाऱ्याला हे विचारा. अनुदान तेच ७८ हजार, फिक्स चार्ज जास्त, आणि एप्रिलमध्ये उरलेली वीज कमी दरानं जाणार. त्याचा फायदा आहे, तुमचा कुठे आहे?

तीन कोटेशनांतला ३० हजारांचा फरक बहुधा तीन ठिकाणी दडलेला असतो. पहिलं, पॅनेल. अनुदानाला पॅनेल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर म्हणतात. बिनडीसीआर पॅनेल स्वस्त, पण अनुदान गेलं. कोटेशनवर तो शब्द लिहून घ्या आणि माल आल्यावर पॅनेलमागचे सीरियल नंबर डीसीआरच्या दाखल्याशी स्वतः ताडून बघा. दुसरं, सांगाडा. गॅल्वनाइज्ड आहे की नुसतं रंगवलेलं लोखंड? आपल्या पावसात रंगवलेलं चार वर्षं काढत नाही आणि पॅनेल पंचवीस वर्षांचे. तिसरं, माझं आवडतं, अर्थिंग. तीन खड्डे लागतात : पॅनेलचा, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा आणि आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळीचा. स्वस्त कोटेशनात तिन्ही तारा एकाच खड्ड्यात उतरवतात. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात? तेव्हा इन्व्हर्टर जळतो आणि मग सगळे अर्थिंग शोधायला लागतात. नेट मीटर कोटेशनमध्ये धरलाय की वेगळा, तेही विचारा.

कर्ज काढणार असाल तर या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत २ लाख रुपये तारणाशिवाय मिळतात, व्याज घरकर्जापेक्षा चढं नाही. तुम्ही बँकेतले, तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच, की अनुदान आल्यावर ते कर्जातच भरा. माझ्या मेव्हण्यानं त्याचा सोफा घेतला.

"जांबोटीच्या पलीकडे आमचं गाव. पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते. सोलर बसवलं की सुटका होईल काय? घर जुनं, मंगळुरी कौलाचं. माकडंही फार."

मामा, तीन प्रश्न एकत्र विचारलेत आणि तिन्हींची उत्तरं कडू आहेत.

साधं सोलर, ज्याला ऑनग्रिड म्हणतात, ते लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. भर उन्हात. लोकांना हे पटत नाही. पण विचार करा, तार तुटली म्हणून लाइनमन खांबावर चढलाय, मागून लाइन बंद केलीय, आणि तुमच्या छतावरून त्याच तारेत वीज येतेय. तो माणूस मरेल. म्हणून बाहेरची वीज दिसेनाशी झाली की इन्व्हर्टरनं क्षणात थांबायचं, असा नियमच आहे. माझ्या ट्रेडचा एक विद्यार्थी खानापूर भागात लाइनमन आहे. पावसाळ्यात तो ओल्या खांबावर असतो तेव्हा मला या नियमाचं फार बरं वाटतं.

लाइट नसताना वीज हवी तर बॅटरीचं, हायब्रिड, घ्यावं लागतं. बॅटरीला अनुदान नाही, खर्च लाखाच्या पटीत चढतो, आणि सलग पावसात ती भरायची कशी हा प्रश्न राहतोच. तुमच्या चार दिव्यांना, दोन पंख्यांना आणि मोबाइलला एक साधा इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी पुरे. लाइट असते तेव्हा ती भरून घ्या.

कौलांवर पॅनेल चढवू नका. भोक पाडलं की गळती सुरू, आणि जुन्या वाशांवर दीडशे किलोच्या वर भार देणं मला पसंत नाही. मागे न्हाणीघरावर किंवा नव्या स्वयंपाकघरावर स्लॅब असेल तर तिथे उंच सांगाडा उभा करता येतो. माकडांचं म्हणाल, तर ती काच फोडत नाहीत सहसा, पण वायर ओढतात. सगळी वायर लोखंडी पाइपातून घ्यायला लावा, प्लास्टिकच्या नव्हे.

"घर वडिलांच्या नावावर, ते २०१९ ला वारले. बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. अर्ज माझ्या नावानं चालेल का?" — काकती

नाही चालणार. बिलावरचं नाव आणि बँकखात्यावरचं नाव एकच लागतं, अनुदान त्याच खात्यात पडतं. वडिलांच्या नावानं अर्ज करून बघतो म्हणाल तर तेही नको, पुढे अडकतं. आधी पंचायतीतून ई-स्वत्तूचा ९ आणि ११ नंबरचा उतारा तुमच्या नावावर करून घ्या (शहरातल्यांनी ई-खाता), मग हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात मीटरवरचं नाव बदला, मग योजनेच्या पोर्टलवर आर. आर. नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) घालून नोंदणी. भावांच्या सह्या लागतील. त्यात वेळ जातो, सोलरच्या कामात नव्हे. ते पोरं दोन दिवसांत करून जातात.

कुणी फोन करून "नाव तसंच राहू द्या, आम्ही करून देतो, पाच हजार पाठवा" म्हणेल. पाठवू नका. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि सोलरवाला पोर्टलवरच्या यादीतलाच निवडायचा.

"शहापुरात घरामागे चार मागांची शेड आहे, तिच्या मीटरवर अनुदान मिळेल? आणि शेतातल्या मोटारीला?"

शेडच्या मीटरला नाही, योजना फक्त घरगुती मीटरची. घराचं मीटर वेगळं असेल तर त्यावर घेता येईल. शेतातल्या मोटारीची योजना निराळी, कुसुम. तिच्यात केंद्राचे ३०, राज्याचे ५० आणि शेतकऱ्याचे २० टक्के. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहीन, कारण ते एका उत्तरात मावत नाही.

"सोलर बसवून वर्ष झालं. डिसेंबरपासून युनिट कमी पडतात. कंपनीवाला म्हणतो सगळं ठीक आहे." — हुक्केरी तालुका

तुमच्या गावाच्या एका अंगाला कारखाना आणि तिन्ही अंगांना ऊस आहे, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. गळीत सुरू झाला की पाला पेटतो. ती काळी काजळी धुण्यावर, लोणच्याच्या बरणीवर, अंगणातल्या रांगोळीवर पडते, तशीच पॅनेलवर. बोटानं पुसून बघा, तेलकट लागेल. पाऊस नसल्यानं ती महिनोन्‌महिने तशीच राहते. या दिवसांत आठवड्याला धुवा, बाकी वर्षभर महिन्याला पुरतं. सकाळी सातच्या आत, मऊ फडकं आणि साधं पाणी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकते. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग धरतात. पावसाचं साठवलेलं किंवा नदीचं वापरा. घासणी आणि धुण्याची पावडर गच्चीवर नेऊच नका.

आणि बिलाचं म्हणाल, तर तुमच्याकडे हेस्कॉम नव्हे, हुक्केरीची ग्रामीण वीज सहकारी संस्था बिल देते. तक्रार लिहिताना तेच नाव घाला. मागच्या वेळी चुकीच्या ऑफिसात दिलीत म्हणून उत्तर आलं नाही. तुमचं पत्रही माझ्याकडे दोनदा आलं. दुसऱ्यावर तिकीट नव्हतं, दहा रुपये मी पोस्टमनला दिलेत.